आमच्या कामाची गाडी

मेश्रामकाका माणसांच्या बाबतीत सर्रास खोटं बोलायचे. कुणाच्या मुलाला मार्क कमी पडले की "पेपरच टेढा होता यंदा," कुणाची बदली आडगावी झाली की "तिथली हवा फार चांगली," आणि माझी पहिलीवहिली पुरणपोळी, जी पोळीपेक्षा पापडाच्या जवळची होती, ती खाऊन म्हणाले, "अशी आमच्या भंडाऱ्यातसुद्धा मिळत नाही." पण गाडीच्या बाबतीत त्यांच्या तोंडून खोटा शब्द निघालेला कुणी ऐकला नाही. समोर त्यांचा साहेब असो, साडू असो की रडकुंडीला आलेलं गिऱ्हाईक असो, गाडीत जे असेल तेच ते सांगणार. हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते, कारण त्यांच्या या एका सवयीवर माझी झोप अवलंबून आहे.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सेक्टरमध्ये ते माझ्यापासून तीन ब्लॉक पलीकडे राहायचे. गाव पवनीजवळचं, नोकरी एका मंत्रालयाच्या गॅरेजात. तीस-बत्तीस वर्षं साहेबलोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र एका निळ्या स्कूटरवर फिरले. किरकोळ अंगकाठी, बायकोनं, प्रमिलाकाकूंनी, विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टायरची हवा मोजायचा काटा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो काटा खिशात असायचा. सेक्टरातल्या आणि कॅन्टोन्मेंटमधल्या कुणाही मराठी माणसाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी बँकेत जायचा आणि मग मेश्रामकाकांकडे. काही जण बँकेत नंतर जायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर त्यांना मी जालन्याहून दिल्लीला आणलं, आणि वर्षभरात त्यांच्या किडन्यांनी हात टेकले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला डायलिसिस. आम्ही टॅक्सीनं जायचो. एका जानेवारीत धुकं असं पडलं की एकापाठोपाठ तीन टॅक्सीवाल्यांनी बुकिंग रद्द केलं. आम्ही दीड तास उशिरा पोचलो, पुढचा पेशंट ताटकळत होता म्हणून नानांचं मशीन लवकर काढलं, आणि दोन दिवसांनी त्यांना असा दम लागला की रात्रभर त्यांना बसवून ठेवावं लागलं. त्या दिवशी ठरवलं, गाडी घ्यायची. चालवायला मी शिकले होते. हातात अडीच लाख होते, त्यापुढे एक पैसा नव्हता. गाडी सुंदर नसली तरी चालेल, पण आठवड्यातून दोनदा पहाटे ती सुरू झालीच पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं.

मेश्रामकाकांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "बसणार कोण?"

"माझे वडील."

"मग त्यांना घेऊन यायचं. जो बसणार तो आला पाहिजे. चालवणाऱ्याचं काय, तो कुठंही ॲडजस्ट होतो."

त्यांची पिशवी बघण्यासारखी होती. रेशनच्या पिशवीत एक टॉर्च, जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा, आणि मखमलीच्या चिंधीत गुंडाळलेलं एक लोहचुंबक. हे चुंबक ते गाडीच्या अंगावरून असं फिरवायचे की डॉक्टरची आठवण व्हावी. मूळ पत्रा असेल तिथं ते चिकटायचं. ठोकर खाऊन आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथं ते गळून पडायचं, वरून रंग कितीही झकास असो. मखमल का, तर दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा नको.

पहिल्या रविवारी मी त्यांना मोठ्या ऐटीत मी पसंत केलेली गाडी दाखवायला नेलं. लाल पेट्रोल गाडी होती, डीलरकडे चमकत उभी. मीटर तीस हजारांचं. मी तर मनातल्या मनात तिला हळदकुंकू लावून मोकळी झाले होते. काकांनी बॉनेटवर तळवा ठेवला. हे त्यांचं नेहमीचं पहिलं काम. बॉनेट कोमट असलं तर ते म्हणायचे, "आज सकाळी हिला गुपचूप उठवलंय." गाडी थंडच बघायची, थंडीत कशी उठते तेच तिचं खरं, असा त्यांचा हेका. मग ते खाली वाकले आणि ब्रेकच्या पेडलावरून अंगठा फिरवला. पेडलाचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. मला हळूच म्हणाले, "मीटर म्हणतो तीस हजार. पाय म्हणतो एक लाख. पायाला खोटं बोलता येत नाही, बेटा."

मला असा संताप आला की तिथेच डीलरला फैलावर घ्यावं. पण काकांनी बनियनच्या तुकड्यानं हात पुसले, त्याच्याकडचा चहा घेतला आणि हात जोडून म्हणाले, "गाडी अच्छी है जी. हमारे काम की नहीं है."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढच्या दोन महिन्यांत मी ते इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं. फरीदाबादला एका गाडीचा सीटबेल्ट त्यांनी सगळाच्या सगळा बाहेर ओढला, तर टोकाला वाळलेला गाळ. म्हणजे गाडी पुरात बुडून निघालेली. "गाडी अच्छी है जी." एका ठिकाणी इंजिनच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरा फेस होता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी शिरलेलं. "हमारे काम की नहीं है." परत येताना मी एकदा चिडून विचारलं, "काका, त्यानं आपल्याला सरळसरळ फसवायला बघितलं आणि तुम्ही म्हणता अच्छी है?"

"आता त्यात काय खोटं? कुणाच्या तरी कामाची असेलच ना ती. काहून एखाद्याच्या दारात उभं राहून त्याच्या वस्तूला नाव ठेवायचं?"

याच स्वभावातून त्यांचा दुसरा नेम आला होता. गाडीसमोर भाव करायचा नाही. आकड्याची गोष्ट निघाली की ते दोन्ही बाजूंना हाताला धरून वीस-तीस पावलं लांब न्यायचे, झाडामागे नाहीतर जिन्यात. मुलीसमोर कधी देण्याघेण्याचं बोलतात का, असं त्यांचं म्हणणं. विकणारे पंजाबी, जाट, शर्माजी, वर्माजी, सगळे आधी हसायचे आणि मग मुकाट्यानं झाडामागे जायचे.

शेवटी रोहिणीला एक पांढरी डिझेल गाडी बघितली. मालक खन्नाजी, रिटायर्ड हेडमास्तर. गाडी पाच वर्षांची होती. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची मुदत, त्यानंतर ती इथे चालवता येत नाही, म्हणून अशा गाडीला गिऱ्हाईक कमी आणि भाव उतरलेला. नानांना आम्ही बरोबर नेलं होतं. काकांनी आधी त्यांनाच मागे डावीकडे बसवलं, त्यांचा डायलिसिसचा हात दारावर नीट टेकतोय का बघितलं. मग पाऊण तास गाडी तपासली. पेडल, पट्टे, झाकण, चुंबक. शेवटी खन्नाजींना त्यांचे दोन प्रश्न विचारले, जे ते प्रत्येकाला विचारायचे. का विकताय? आणि गाडीत कोण कुठे बसायचं?

पहिला प्रश्न मला समजायचा. दुसरा ऐकला की मी आभाळाकडे बघायचे. खन्नाजींनी मात्र मन लावून उत्तर दिलं. बायको पुढे बसायची, तिची शाल कायम डॅशबोर्डवर. मुलगा मागे, पाय वर घेऊन. आता मुलगा कॅनडात आणि बायकोला गुडघ्यांमुळे चढता येत नाही.

काका मला झाडामागे घेऊन गेले. "गाडी चोख आहे. एकच गोष्ट. दिल्ली हिला पाच वर्षं देते. तुम्हाला किती पाहिजेत?"

हा हिशेब मी डॉक्टरांनाही कधी विचारला नव्हता. आमच्या मागोमाग नाना काठी टेकत आले होते, त्यांनी ऐकलं. म्हणाले, "पाच? मला डॉक्टर तेवढीसुद्धा लिहून देत नाही. घेऊन टाक."

काका हसले नाहीत. त्यांनी नानांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "नानाजी, ही तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही. ही माझी गॅरंटी." त्यांनी गॅरंटी हा शब्द वापरलेला मी त्यानंतर कधी ऐकला नाही.

व्यवहार झाल्यावर किल्ली घेण्याआधी काका खन्नाजींना म्हणाले, "एक बार बैठ लीजिए." हासुद्धा त्यांचा नेमच. विकणाऱ्यानं एकदा एकट्यानं गाडीत बसून घ्यायचं आणि तोवर बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं. मला वाटलं, काय ही नाटकं! खन्नाजी पाचेक मिनिटं बसले. बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते.

गाडी घरी आल्यावर काकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे चाक बदलणं. यामागे एक कथा होती. कॅन्टोन्मेंटमधले हवालदार जाधव, मूळचे साताऱ्याकडचे, त्यांना काकांनी गाडी घेऊन दिली होती. जाधव संक्रांतीला कुटुंबासह पानिपतला काला अंबला, मराठ्यांच्या रणस्मारकाला, निघाले आणि मुरथलजवळ चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पण चाक खोलायचा पाना नव्हता. तेवढी एक वस्तू तपासायची काकांकडून राहिली होती. जाधवांनी फोन केला तो गमतीनं, ढाब्यावरून. काका मात्र पिशवीत पाना टाकून दोन बसा बदलून थंडीत मुरथलला हजर. तोवर जाधवांनी एका ट्रकवाल्याकडून काम उरकून पराठे मागवले होते. "काका, कशाला आलात?" तर म्हणाले, "चूक माझी होती ना." मग सगळ्यांबरोबर काला अंबला गेले आणि तिथेही म्हणे जाधवांच्या गाडीच्या चारही चाकांचे नट तपासत बसले.

तेव्हापासून प्रत्येक नव्या मालकाला त्यांच्यासमोर एकदा चाक बदलून दाखवावं लागायचं. मलाही लागलं. सलवार-कमीज घालून, भर रविवारी, पार्किंगमध्ये, निम्मा सेक्टर बाल्कनीत उभा असताना. प्रमिलाकाकू वरून ओरडत होत्या, "अहो, पोरीला सोडा आता, ती काय ट्रक चालवणार आहे?" काका म्हणाले, "अजून दोन नट."

दुसरी गोष्ट दिव्याची. डिझेल गाडीत किल्ली अर्धी फिरवली की स्प्रिंगच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागतो. इंजिन आतून थोडं तापलं की तो विझतो. थंडीत त्याला जरा वेळ लागतो. "दिवा विझू द्यायचा, मग किल्ली. घाई केली तर तीसुद्धा चिडते," काका म्हणाले. माझा स्वभाव उतावळा. मी चार दिवस पाळलं आणि पाचव्या दिवशी दिव्याआधीच किल्ली मारली. गाडी खाकरली. मागून नाना म्हणाले, "मेश्राम काय म्हणाले होते?" त्यानंतर ते काम नानांनीच अंगावर घेतलं. मागे डावीकडे बसून दोन सीटांच्या मधून दिव्यावर डोळा ठेवायचा आणि म्हणायचं, "विझला. चल."

चार वर्षं आमचा दिवस असा सुरू झाला. शुक्रवारी प्रमिलाकाकूही सोबत यायच्या, नानांशेजारी बसून डब्यातला उपमा सांभाळत. मग दोघांची शर्यत, आधी कोण "विझला" म्हणतं. मी ऑफिसला जायचे, त्या थांबायच्या. कधी एकदाही त्यांनी ते उपकार म्हणून बोलून दाखवलं नाही. गाडीनं चार वर्षांत एकदाच दगा दिला, रिंग रोडवर, पंक्चर. नानांना कठड्याशी उभं केलं आणि मी चाक बदलायला बसले. आयुष्यात सायकलही न चालवलेले नाना मला सूचना देत होते, "तो नट आधी. नाही, तो पलीकडचा." आम्ही सात वाजून पाच मिनिटांनी हॉस्पिटलात होतो. संध्याकाळी मी काकांकडे पेढे घेऊन गेले.

पेढ्यांवरून आठवलं. काकांच्या घरात पेढ्यांचे रिकामे डबे किती होते त्याला गणती नाही. प्रत्येक गाडीमागे एक डबा. त्यात काकू मोहरी ठेवायच्या, बटणं ठेवायच्या, काका स्क्रू ठेवायचे. काकू म्हणायच्या, "सगळ्या दिल्लीला गाड्या दिल्या यांनी. मला नुसते डबे." काका म्हणायचे, "सापडली की घेऊ ना आपल्याजोगी." आणि ते खरोखर शोधत होते! दर दोन-तीन महिन्यांनी एखादी बघून यायचे, आणि परत आले की काकू विचारायच्या, "काय खोट निघाली?" एकदा द्वारकेतल्या एका आजीबाईंची गाडी अगदी निर्दोष निघाली. मी समोरच बसले होते. काका बूट काढत म्हणाले, "हॉर्न फार मोठा आहे. तू दचकशील." काकू हसता हसता लाटणं टेकून बसल्या. मला तेव्हा कळलं की या माणसाला जगातल्या कुठल्याही गाडीची पारख आहे, पण बायकोला बसवायला एकही पुरेशी वाटत नाही. लोकांसाठी ते विश्वासाची गाडी शोधायचे. काकूंसाठी जी शोधत होते ती कुठल्या कारखान्यात तयारच होत नसावी.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती मी वर्षभर कुणालाही सांगितली नव्हती.

मागच्या हिवाळ्यातला मंगळवार. नानांना पहाटेपासून दम होता, आणि धुकं. त्या दिवशी त्यांनी "विझला" म्हटलं नाही, मीच म्हटलं. हॉस्पिटलच्या फाटकातून वळताना मी घाईत आत जरा लवकर वळले आणि गाडीची मागची डावी बाजू सिमेंटच्या खांबावर आदळली. नानांची बाजू. आवाज असा झाला की मी गाडी जागीच थांबवली. मागे वळून पाहिलं तर नाना पट्टी बांधलेला हात छातीशी धरून बसले होते. "काही नाही झालं," ते म्हणाले. "चल, उशीर होतोय."

त्याच दिवशी त्यांना भरती करून घेतलं, आणि नऊ दिवसांनी नाना गेले. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "एखाद्या धक्क्यानं असं होतं का?" त्यांनी विचारलं, "कसला धक्का?" आणि मी विषय बदलून बिलाचं विचारलं. नाना हॉस्पिटलात असतानाच, त्या आठवड्यात, मी दार एका डेंटरकडून ठोकून, लांबी भरून, रंगवून घेतलं होतं. इतकं बेमालूम की मलाच शोधावं लागायचं. कुणी पाहू नये म्हणून केलं आणि मग रोज तेच पाहत राहिले. माणूस जायचं ते जातं, सगळे म्हणाले. पण मला वाटायचं, मी त्यांना ढकललं.

गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. मी मेट्रोनं जायला लागले. आठवड्यातून एकदा खाली जाऊन इंजिन सुरू करायचे, दिवा विझायची वाट बघायचे आणि परत यायचे. तिचीही दिल्लीतली मुदत संपत आली होती. वायपरखाली भंगारवाल्यांची कार्डं यायला लागली. मी ती फाडून टाकत होते, पण विकायलाही मन घेईना. विकायची म्हणजे कुणीतरी तपासणार.

डिसेंबरात मेश्रामकाका रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं, गावी जायचं. ऑफिसनं त्यांना एक सुटकेस दिली. आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी बाल्कनीतून पाहिलं तर काका माझ्या गाडीपाशी उभे, हातात पिशवी, शेजारी शाल पांघरलेल्या काकू. काकांनी बॉनेटवर तळवा ठेवला होता.

मी धावत खाली गेले. "काका, हे काय?"

"गाडी बघायला आलो. गावाकडे तिला मुदतीची अडचण नाही, कागद करून घेऊ. हिच्यात मला माहीत नाही अशी खोट नाही, म्हणून म्हटलं, प्रमिलासाठी हीच बघावी."

"घेऊन जा ना काका. बघायचं काय त्यात?"

"बघायचं असतं," ते म्हणाले आणि कामाला लागले. जवळजवळ पाच वर्षं ते ही गाडी ओळखत होते, तरी त्यांनी पेडलावर अंगठा फिरवला, पट्टे ओढले, झाकण उघडलं. मग मखमलीतून चुंबक निघालं. पुढचं डावं दार. चिकटलं. मागचं डावं दार. चुंबक सरकलं आणि त्यांच्या तळहातावर पडलं.

त्यांनी परत लावलं. परत पडलं. माझ्याकडे पाहिलं नाही. उठून सरळ उभे राहिले आणि अगदी अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारलं, "काहून विकता?"

"काका..."

"गाडीत कोण कुठे बसायचं?"

ज्या प्रश्नावर मी आभाळाकडे बघायचे, त्या प्रश्नानं माझा बांध फुटला. "नाना मागे बसायचे. तिथे. डावीकडे," मी म्हटलं, आणि मग खांब, धुकं, छातीशी धरलेला हात, डेंटर, सगळं तिथेच पार्किंगमध्ये बोलून टाकलं. काकूंनी मला जवळ घेतलं. "अगं, असं कसं होईल? त्यांचं वय, आजार..." त्या म्हणत होत्या. हे सगळं मी स्वतःला हजारदा सांगून झालं होतं, त्याचा काही उपयोग नव्हता.

काकांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि दारापाशी बसले. टॉर्च लावली. दाराची कड बोटानं चाचपली, रबराची पट्टी ओढून आतला पत्रा पाहिला. बिजागरीचे बोल्ट पाहिले. गाडीच्या दोन दारांमधल्या खांबावरून खालपासून वरपर्यंत हात फिरवला. मग मागच्या सीटवर बसून दाराचं आतलं अस्तर दाबून पाहिलं, जिथे नानांचा हात टेकायचा तिथे. शेवटी दार उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं. कान देऊन ऐकलं. वीस मिनिटं तरी गेली असतील. मी निकालाला उभी असल्यासारखी उभी होते.

ते बनियनच्या तुकड्यानं हात पुसत उठले.

"बेटा, इकडे बघ. हे बोल्ट कारखान्याचे आहेत, कधी खोललेले नाहीत. खांब सरळ आहे. आतली पट्टी सरळ आहे. दार मूळच्या आवाजानं मिटतं. मार फक्त वरच्या पत्र्याला लागलाय, बोटभर. पत्र्यानं तो सगळा खाल्ला, आत येऊच दिला नाही. आत बसलेल्याला फक्त आवाज पोचला असेल."

"नक्की?"

"गाडीचं सांगतोय मी," काका म्हणाले.

मी ढसाढसा रडले. वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटून रडले. काकूंचं सांत्वन प्रेमाचं होतं. ही तपासणी होती.

मग त्यांनी चुंबक मखमलीत गुंडाळलं, दोन पावलं मागे सरून गाडीकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "गाडी छान आहे. आमच्या कामाची आहे."

भावासाठी आम्ही तिघं पाण्याच्या टाकीमागे गेलो. मी फुकट न्या म्हणत होते, ते ऐकेनात. फुकटच्या गाडीची पुढे तक्रार करता येत नाही म्हणे. खन्नाजींना दिले त्याच्या निम्म्यावर माझी सुटका झाली.

कागद व्हायला तीन आठवडे लागले. ते निघाले त्या सकाळी धुकं होतं, पण विरळ. सामान ट्रकनं पुढे गेलं होतं. डिकीत फक्त नवी सुटकेस, पाना आणि पेढ्यांचे दहाबारा डबे, जे काकूंना टाकवले नव्हते. मी किल्ली पुढे केली तर काकांनी ती घेतली नाही.

"एकदा बसून घ्या."

ते दोघं पाठ करून उभे राहिले. मी स्टीअरिंगपाशी गेले नाही. मागचं डावं दार उघडून नानांच्या जागी बसले. चार वर्षांत त्या जागेवर मी कधीच बसले नव्हते. तिथून पुढे पाहिलं तर दोन सीटांच्या मधून दिव्याची ती जागा दिसते. आणि चालवणाऱ्याचा खांदा दिसतो. चार वर्षं, मंगळवारी आणि शुक्रवारी, नाना माझा खांदा बघत होते. दारावर त्यांच्या कोपरानं पडलेला एक फिकट डाग होता. मी तिथे हात ठेवून बसले आणि मग उतरले.

मी काकूंसाठी पुढचं दार उघडलं. त्या म्हणाल्या, "पुढे कशाला? साहेब लोक मागे डावीकडे बसतात. बत्तीस वर्षं यांनी साहेबांच्या गाड्या ठीक केल्या, आता मी साहेब." आणि शाल सावरत नानांच्या जागी ऐसपैस बसल्या. हात बरोबर त्या डागावर टेकला.

काकांनी आरसा नीट केला. सीटबेल्ट लावला, एकदा ओढून पाहिला. किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला असणार, मला बाहेरून दिसत नव्हता. काका दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून थांबले. मीही थांबले. थंडीत त्याला वेळ लागतो.

मग मागच्या सीटवरून काकूंचा आवाज आला, "विझला हो. चला."

गाडी एका झटक्यात सुरू झाली. सेक्टरच्या फाटकापाशी काकांनी वळण भरपूर मोठं घेतलं, डावी बाजू खांबापासून चांगली हातभर लांब ठेवली, आणि रस्त्याला लागले.